फेंटानिलनंतर निटाझिन : नव्या कायद्याने नेमके काय रोखायचे?

मुशाफिर

अमेरिकेत १६ जुलै २०२५ रोजी 'हॉल्ट फेंटानिल' कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि फेंटानिल या कृत्रिम ओपिऑइडशी, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या द्रव्याशी, रचनेने साम्य असणारी सगळी संयुगे, आज बाजारात असलेली आणि उद्या कोणी तयार करील तीही, एकगठ्ठा पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे नियंत्रित द्रव्यांच्या सर्वांत कडक यादीत, गेली. फेब्रुवारी २०१८ पासून हेच नियंत्रण तात्पुरत्या आदेशावर चालले होते आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्याला वेळोवेळी मुदतवाढ देत आली होती. सिनेटमध्ये हे विधेयक ८४ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाले, म्हणजे दोन्ही पक्षांनी त्याला हातभार लावला.

आता त्याच धर्तीवर निटाझिन या दुसऱ्या कृत्रिम ओपिऑइड गटालाही वर्गवार बंदीखाली आणण्याचे विधेयक काँग्रेससमोर आले आहे. झायलाझिन हे जनावरांचे गुंगीचे औषध तिसऱ्या शेड्यूलमध्ये घालण्याचा प्रस्ताव २०२३ पासून चर्चेत आहे, आणि व्यसनमुक्तीसाठीचे मेथाडोन साध्या औषधाच्या दुकानातून मिळावे असाही एक प्रस्ताव त्याच वर्षी मांडला गेला. आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना पत्र लिहायचे मी ठरवले आहे, पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की माझे मत अजून पक्के नाही. द्रव्यावरचे नियंत्रण आणि ओव्हरडोसने होणारे मृत्यू टाळणे या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो. त्या खरोखर एकच आहेत का? आणि नसतील, तर कायद्याचा भार कोणत्या बाजूला अधिक असावा? अनुभवी सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

गुंगी

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे आधी एक दुरुस्ती करतो. नव्या कायद्याने फेंटानिल पहिल्या शेड्यूलमध्ये गेलेले नाही, त्याची भावंडे गेली आहेत. खुद्द फेंटानिल दुसऱ्या शेड्यूलमध्येच आहे आणि तेथेच राहणार आहे, कारण त्याच्याशिवाय आमचे शस्त्रक्रियागृह चालणार नाही. बेल्जियममध्ये पॉल यानसेन यांनी १९५९ च्या सुमारास ते तयार केले, आणि लवकर चढणारे, लवकर उतरणारे, हृदयावर फारसा ताण न आणणारे वेदनाशामक म्हणून ते जगभर वापरात आले.

ते मॉर्फिनच्या पन्नास ते शंभरपट प्रभावी आहे. आमच्या हातात ते मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते, रुग्णाच्या बोटाला प्राणवायूचे मापक लावलेले असते आणि श्वास थांबलाच तर तो देण्यासाठी मी उशाशी उभा असतो. रस्त्यावरच्या बनावट गोळीत यांपैकी काहीच नसते. ओपिऑइडने माणूस दगावतो तो हृदय बंद पडून नव्हे. मेंदूच्या बुंध्याशी असलेले श्वसनाचे केंद्र मंदावते, श्वास उथळ होत जातो, मग थांबतो, आणि प्राणवायूविना मेंदूची हानी चार-सहा मिनिटांत सुरू होते. कोणत्याही कायद्याची कसोटी या चार-सहा मिनिटांत काय घडते यावर लागावी, असे मला वाटते.

आकडेमोड

धाग्याला आकड्यांचा पाया असावा म्हणून थोडे लिहितो. अमेरिकेत २०२२ साली ओव्हरडोसने सुमारे १,०८,००० मृत्यू झाले आणि २०२३ साली सुमारे १,०५,०००. दोन्ही वर्षी यांतले सत्तर हजारांहून अधिक मृत्यू मेथाडोन वगळता इतर कृत्रिम ओपिऑइडशी, म्हणजे मुख्यतः बेकायदा फेंटानिलशी निगडित होते. २०२४ च्या हंगामी आकडेवारीत एकूण मृत्यू सुमारे ८०,००० वर आले. एका वर्षात पाव हिश्शाहून अधिक घट यापूर्वी कधी झाली नव्हती.

ही घट 'हॉल्ट' कायद्यावर स्वाक्षरी होण्याआधीची आहे, त्यामुळे तिचे श्रेय या कायद्याला देता येत नाही. उलट बाजूने, तात्पुरता वर्गवार आदेश २०१८ पासून लागू असताना २०१९ ते २०२२ या काळात मृत्यू वाढत गेले, म्हणून 'बंदीमुळे मृत्यू वाढले' असा निष्कर्ष काढणेही तितकेच कच्चे ठरेल. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी आलेखातला आपापला सोयीचा तुकडा कापून आणू नये, एवढीच विनंती.

शंकासुर

आलेख बाजूला ठेवून सरळ बोलतो. विष विकणाऱ्याला कायद्याचा धाक नसेल तर बाकीचे सगळे उपाय म्हणजे फुटक्या हौदात पाणी भरणे आहे. रसायनतज्ज्ञ एक अणू इकडचा तिकडे करतात, नवा पदार्थ 'कायदेशीर' होतो, आणि सरकार तो सूचीत घालण्यासाठी महिनोन् महिने कागद हलवत बसते. हा पोरखेळ वर्गवार बंदीने संपला. निटाझिनच्या बाबतीत तेच आधीच करून ठेवले तर त्यात चूक काय? ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये निटाझिन गटावर वर्गवार नियंत्रण आणले आणि चीननेही त्याच वर्षी आणले. अमेरिकेने कशाची वाट पाहायची?

आणि अंमलबजावणी कुचकामी असते हे मला मान्य नाही. अमेरिकेच्या अंमली पदार्थ विभागाने तपासलेल्या बनावट गोळ्यांमध्ये दोन मिलिग्रॅम किंवा अधिक, म्हणजे जीवघेणे ठरू शकेल इतके फेंटानिल, २०२३ साली दहापैकी सात गोळ्यांत सापडले होते आणि २०२४ साली दहापैकी पाच गोळ्यांत. माल पातळ झाला, याचा अर्थ पुरवठ्यावर कोठेतरी दाब पडला. आकडेमोड यांनी हा तुकडाही आपल्या आलेखात घ्यावा.

आकडेमोड

घेतला. तुकडा योग्य आहे.

निर्मोही

शंकासुर यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हा प्रतिसाद लिहितो आहे. १ मे २०१९ पासून चीनने फेंटानिलचा संपूर्ण वर्ग नियंत्रणाखाली आणला. त्यानंतर तेथून टपालाने अमेरिकेत थेट येणारे तयार फेंटानिल खरोखरच घटले. पण धंदा बंद पडला नाही. कच्ची रसायने मेक्सिकोला जाऊ लागली आणि पदार्थ तेथे तयार होऊ लागला. एनपीपी आणि एएनपीपी ही फेंटानिल बनवण्याची दोन पूर्वद्रव्ये २०१७ साली आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आली, तेव्हा बनवणारे आणखी एक पायरी मागे सरकले आणि ज्यापासून ही दोन द्रव्ये बनतात ती रसायने मागवू लागले. मग २०२२ साली त्यांतलीही काही सूचीत घालावी लागली.

एस्टोनियाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या छोट्या देशात हेरॉइनची जागा २००० नंतरच्या दशकातच फेंटानिलने घेतली होती, आणि अनेक वर्षे तेथील ओव्हरडोसचे प्रमाण युरोपात सर्वांत वरच्या देशांत राहिले. २०१७ साली पोलिसांनी निर्मितीची केंद्रे मोडून काढली, मृत्यू झपाट्याने कमी झाले आणि ते पोलिसांचे निर्विवाद यश होते. काही वर्षांनी तेथे निटाझिन आले आणि मृत्यूंचा आकडा पुन्हा चढला. म्हणजे दाब उपयोगी पडतो, पण तो उसंत देतो, सुटका देत नाही. त्या उसंतीत उपचारांची व्यवस्था उभी राहिली की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

निटाझिनविषयी दोन शब्द, कारण अनेकांना हे नाव नवे वाटेल. ही संयुगे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत वेदनाशामक म्हणून तयार झाली, पण श्वास मंदावण्याचा धोका फार असल्याने ती औषध म्हणून बाजारात कधीच आली नाहीत. साठ वर्षे जुन्या शोधनिबंधांत पडून राहिली आणि २०१९ च्या सुमारास आयसोटोनिटाझिन रस्त्यावर दिसू लागले. यांतली काही फेंटानिलपेक्षाही प्रभावी आहेत. फेंटानिल ओळखणाऱ्या चाचणीपट्ट्यांवर ती दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या पट्ट्या लागतात.

वकिली बाणा

माझा विषय फौजदारी कायदा असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

'हॉल्ट' कायद्याची चर्चा वर्गवार बंदीपुरती होते, पण त्यातला दुसरा भाग शिक्षेचा आहे. फेंटानिलसदृश पदार्थांचा दहा ग्रॅम मालही विक्रीसाठी सापडला तर किमान पाच वर्षे आणि शंभर ग्रॅम सापडला तर किमान दहा वर्षे कारावास, असा सक्तीचा दंडक त्यांना लागू झाला. हे वजन शुद्ध द्रव्याचे नसते, ज्या मिश्रणात ते द्रव्य आढळले त्या संपूर्ण मिश्रणाचे असते. एक बनावट गोळी दशांश ग्रॅमची धरली, तर शंभर गोळ्यांना दहा ग्रॅम झाले. खुद्द फेंटानिलसाठी हीच उंबरठ्याची वजने चाळीस आणि चारशे ग्रॅम आहेत. म्हणजे फेंटानिलपेक्षा सौम्य निघालेल्या एखाद्या भावंडासाठीही शिक्षा अधिक लवकर लागू होते. रचनेतल्या साम्यावरून परिणामातले साम्य गृहीत धरले की असे घडते. गुंगी यांनी सांगावे, पण रचनेने जवळचे असलेले प्रत्येक संयुग मेंदूवर तसाच परिणाम करते असे नाही, हे माझ्या समजुतीप्रमाणे औषधशास्त्रात सर्वमान्य आहे.

सक्तीच्या किमान शिक्षांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनमुळे दगावला. त्याच वर्षी संतापाच्या लाटेत काँग्रेसने जो कायदा केला, त्यात क्रॅक (कोकेनचे ओढायचे खडे) आणि भुकटी कोकेन यांच्या शिक्षांमध्ये शंभरास एक असे प्रमाण ठरले, म्हणजे एक ग्रॅम क्रॅकला शंभर ग्रॅम भुकटीइतकी शिक्षा. ते बदलून अठरास एक करायला २०१० साल उजाडावे लागले. त्याच १९८६ च्या कायद्यातून, पुरवलेल्या द्रव्याने मृत्यू ओढवल्यास किमान वीस वर्षे ही तरतूद आली. 'पुरवलेल्या' या शब्दात विक्रेता जसा येतो, तसा आपल्यातली अर्धी पुडी मित्राला देणाराही येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बरेज खटल्यात एवढे स्पष्ट केले की, ते द्रव्य नसते तर मृत्यू झालाच नसता असे सिद्ध व्हायला हवे. मृत्यूला नुसता हातभार लागला हे पुरेसे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बहुतेक राज्यांत 'गुड समॅरिटन' पद्धतीचे कायदे आहेत, आणि २००७ साली न्यू मेक्सिकोने त्यांची सुरुवात केली. ओव्हरडोस झालेल्यासाठी मदत बोलावणाऱ्यावर द्रव्य बाळगल्याचा खटला भरला जाऊ नये, हा त्यांचा गाभा आहे. पण मृत्यू झाला आणि वीस वर्षांचे कलम लागू झाले, तर हे संरक्षण बहुधा अपुरे पडते. एका कायद्याने 'फोन कर' म्हणायचे आणि दुसऱ्याने फोन करणाऱ्याकडे बोट दाखवायचे, या विसंगतीवर कोणतेही प्रस्तावित विधेयक थेट बोट ठेवत असल्याचे मला आढळलेले नाही.

गुंगी

वकीलसाहेबांची समजूत बरोबर आहे. साखळीत एखादा गट बदलला की संयुग हजारपट प्रभावी होऊ शकते किंवा पूर्ण निष्प्रभही होऊ शकते. एका टोकाला कारफेंटानिल आहे, जे हत्तींसारख्या मोठ्या जनावरांसाठी वापरले जाते आणि फेंटानिलच्या सुमारे शंभरपट प्रभावी असते. दुसऱ्या टोकाला कागदावर भावंड, पण प्रत्यक्षात निरुपद्रवी अशी संयुगे असू शकतात. पहिल्या शेड्यूलमधल्या द्रव्यावर संशोधन करायचे तर नोंदणी, तिजोरी आणि तपासणी यांचा मोठा खटाटोप असतो. 'हॉल्ट' कायद्याने संशोधकांची ही वाट बरीच सोपी केली, हे मात्र मान्य करायला हवे. निटाझिनच्या विधेयकात तशी वाट नसेल, तर उतारा शोधणाऱ्याचेच हात आपण बांधून ठेवू.

मृण्मयी

वकिली बाणा यांचा शेवटचा परिच्छेद वाचून हे लिहायचे धैर्य केले. नावे आणि ठिकाण लिहिणार नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा, वय वर्षे एकोणीस, मित्रांच्या खोलीवर होता. परीक्षेच्या ताणावर उतारा म्हणून कोणीतरी दिलेली गोळी त्याने घेतली. ती चिंता कमी करणारी नेहमीची गोळी आहे, अशीच त्याची समजूत होती. तो घोरू लागला तेव्हा मित्रांना वाटले की गाढ झोप लागली आहे. ते घोरणे नव्हते, घशातून अडकत येणारा शेवटचा श्वास होता, हे आम्हांला नंतर डॉक्टरांनी सांगितले. ओठ निळे पडल्यावर मित्र घाबरले, आणि मग खोलीतल्या बाकीच्या गोळ्या कोठे टाकायच्या यावर त्यांच्यात बोलणे झाले. ते बोलणे किती मिनिटे चालले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. त्या राज्यात मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा होता. त्या चौघांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता.

मुलाची आई त्या मित्रांवर रागावलेली नाही. मी तिच्या जागी असते तर मला ते जमले असते का, हे मला सांगता येत नाही.

सुलभा

मृण्मयी, वाचून सुन्न झाले. तू लिहिलेस ते बरे केलेस.

शंकासुर

मृण्मयीताई, तुमच्या प्रतिसादापुढे वाद घालणे अप्रशस्त वाटते, तरी एक शंका मांडतो, कारण हाच मुद्दा विधेयकांच्या चर्चेतही येतो. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन घरोघरी, दुकानोदुकानी ठेवले, तर 'काही झाले तर उतारा आहेच' म्हणून लोक अधिक बेफिकीर होणार नाहीत का? शिवाय या पदार्थाच्या नुसत्या स्पर्शाने पोलीस बेशुद्ध पडल्याच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत. मग मदतीला धावणाऱ्याच्या जिवाचे काय?

गुंगी

स्पर्शाचे आधी सांगतो. कोरड्या त्वचेतून फेंटानिल इतक्या सावकाश शोषले जाते की भुकटीला हात लागल्याने ओव्हरडोस होण्याची शक्यता अगदीच नगण्य असते. अमेरिकेतल्या विषशास्त्राच्या दोन प्रमुख संघटनांनी २०१७ साली संयुक्त निवेदन काढून हे सांगितले. वेदनाशामक चिकटपट्टीतून ते त्वचेत उतरावे म्हणून कंपन्यांना खास तंत्र विकसित करावे लागले, आणि तरीही परिणामाला कित्येक तास लागतात. स्पर्शाने माणूस आडवा होत असता, तर माझा अर्धा पगार सुईच्या कारखान्याला न जाता हातमोज्यांच्या कारखान्याला गेला असता. विनोद सोडा, या अफवेचा खरा तोटा असा की, श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात.

आता बेफिकिरीविषयी. ओपिऑइडची सवय असलेल्याला नॅलॉक्सोन दिले की त्याची नशा क्षणात उतरते आणि उलट्या, घाम, थरथर, अंगदुखी असा त्रास एकदम उसळतो. तो अनुभव एकदा घेतलेला माणूस पुन्हा उतारा मिळणार म्हणून आनंदाने जास्त मात्रा घेईल, हे मानसशास्त्र मला पटत नाही. आणि बहुतेक वेळा माणूस स्वतःला नॅलॉक्सोन देऊच शकत नाही, कारण तो शुद्धीवर नसतो. ते शेजारच्यासाठी असते.

मर्यादाही सांगतो. नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण तीस ते नव्वद मिनिटे टिकतो. ओपिऑइड त्याहून अधिक वेळ शरीरात राहिले, तर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णवाहिका बोलवावीच लागते. झायलाझिन ओपिऑइड नाही, त्यावर नॅलॉक्सोनचा परिणाम होत नाही. तरीही ते द्यावेच, कारण सोबत फेंटानिल असण्याची शक्यता दाट असते, आणि शुद्ध आली नाही तरी श्वास परतला, तर माणूस वाचतो.

खलबत्ता

मी औषधाच्या दुकानात उभा असतो, तेव्हा दुकानाच्या बाजूने काही सांगतो. नॅलॉक्सोनला अमेरिकेत १९७१ साली मान्यता मिळाली. नाकात मारायचा फवारा २०१५ साली आला आणि मार्च २०२३ मध्ये तो चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली, म्हणजे मान्यतेपासून बावन्न वर्षांनी. आमच्या दुकानात तो डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी फळीवर आहे. २०२३ साली दोन मात्रांच्या खोक्याला सुमारे ४५ डॉलर पडत होते, आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्या खिशात ते असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. चोरी होते म्हणून काही दुकानांत खोकी कुलपात ठेवली आहेत. मग विकत घेणाऱ्याला सगळ्यांसमोर कुलूप उघडून मागावे लागते, आणि तो मागत नाही.

ब्युप्रेनॉर्फिनची कथा याहून नाजूक आहे. ओपिऑइडच्या व्यसनावरचे हे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरला पूर्वी खास सवलतपत्र लागत असे. डिसेंबर २०२२ मधल्या कायद्याने ती अट गेली, आणि सर्वांना वाटले की दार उघडले. पण दार उघडले तरी आत माल हवा. मोठ्या घाऊक वितरकांनी ओपिऑइड खटल्यांत २०२२ साली केलेल्या तडजोडीनंतर, नियंत्रित औषधांच्या मागणीवर संगणकाने पहारा बसला. आमच्या दुकानाची ठरलेली मर्यादा ओलांडली की मागणी अडते, आणि ती मर्यादा नेमकी किती हे आम्हांला सांगितले जात नाही. वेदनाशामकांच्या अतिपुरवठ्यावर लावलेला हा लगाम व्यसनावरच्या औषधालाही लागतो, कारण संगणकाच्या दृष्टीने दोन्ही 'नियंत्रित'. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या रुग्णाला 'सोमवारी या' असे मी सांगितले आहे. तो सोमवारपर्यंत काय घेत असेल, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

फ्रान्सने १९९५ पासून साध्या कुटुंबवैद्यांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ दिले, आणि चार वर्षांत तेथील ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. तेव्हा तेथे फेंटानिल नव्हते, त्यामुळे ते प्रमाण आज जसेच्या तसे मिळेल असे मी म्हणणार नाही. पण दिशा कोणती, हे त्यातून कळते.

सुलभा

खलबत्ता यांच्या 'दोन्ही नियंत्रित' या शब्दांवरून भारतातला अनुभव आठवला. मी वेदनाशामक परिचर्येत काम करते. १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनवर बंदी घातली नव्हती, पण परवान्यांची अशी उतरंड आणि चुकीला अशा शिक्षा ठेवल्या की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. पुढच्या साधारण बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. कर्करोगाचे रुग्ण किंचाळत मरत होते, आणि मॉर्फिन ज्या अफूपासून बनते ती मात्र आपण निर्यात करत होतो. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी मधल्या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न वापरताच शिकून बाहेर पडली होती. कायदा दुरुस्त होतो, हाताची सवय लवकर दुरुस्त होत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकांगी ठरेन. ट्रामाडोल हे ओपिऑइड वेदनाशामक आफ्रिकेत बेसुमार जाऊ लागल्यावर भारताने २०१८ साली ते एनडीपीएसखाली आणले. त्यानंतर टॅपेन्टाडोल आणि कॅरिसोप्रोडोल यांच्या मिश्र गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे २०२५ च्या फेब्रुवारीत उघड झाले, आणि मग सरकारने त्यांच्या निर्यातीची परवानगी काढून घेतली. हे नियंत्रण आवश्यकच होते. निर्मोही म्हणतात तशी उसंत मिळाली, आणि ती उसंत पुढच्या गोळीने खाल्ली.

शंकासुर

सुलभाताई, 'सुटका नाही, उसंत आहे' हे मी मान्य करतो. पण मग सैल सोडण्याचा प्रयोगही झालेला आहे, त्याविषयी कोणी का बोलत नाही? ऑरेगॉनने २०२० साली जनमताने वैयक्तिक वापरापुरते द्रव्य बाळगणे गुन्ह्यातून वगळले, आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरवावे लागले. आपल्याच मतदारांनी दिलेला कौल अवघ्या साडेतीन वर्षांत तिथल्या विधिमंडळाला फिरवावा लागला, ही लहान गोष्ट नाही.

निर्मोही

बोलायलाच हवे. ऑरेगॉनमध्ये शिक्षा आधी काढली गेली आणि उपचारांचा पैसा मागाहून, रखडत आला. त्यात फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पोहोचण्याची वेळही नेमकी तीच होती. पोर्तुगालने २००१ साली शिक्षा काढली तेव्हा उपचारांची व्यवस्था सोबत उभी केली, आणि द्रव्यासह सापडलेल्याला एका समितीसमोर हजर राहावे लागे. गुन्हा न मानणे आणि दुर्लक्ष करणे यांत फरक आहे. ऑरेगॉनने नाव पोर्तुगालचे घेतले, पण समिती घरी विसरली.

वकिली बाणा

तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर एक जोड देतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर आल्यावर माणूस जुनीच मात्रा घेतो. सक्तीची किमान शिक्षा ठेवायचीच असेल, तर त्याच विधेयकात तुरुंगात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन सुरू ठेवण्याची आणि सुटकेच्या दिवशी हातात नॅलॉक्सोन देण्याची तरतूद हवी. शंकासुर यांना यात अडचण वाटू नये.

शंकासुर

वाटत नाही. विक्रेत्याला आत टाका आणि बाहेर पडणाऱ्याला जिवंत ठेवा, हे मला चालेल. खलबत्ता यांच्या रुग्णाला सोमवारपर्यंत थांबायला लावणारा संगणकही माझ्या हिशेबी आत टाकायला हरकत नाही.

मुशाफिर

सर्वांचे मनापासून आभार. पत्राचा मसुदा बदलला आहे. निटाझिनवरच्या वर्गवार बंदीला मी पाठिंबा देतो आहे, पण तिच्यात संशोधकांसाठीची वाट आणि निरुपद्रवी ठरलेले संयुग सूचीतून काढण्याची ठरावीक मुदतीची पद्धत असावी, असे लिहिले आहे. शिक्षेचा उंबरठा मिश्रणाच्या वजनावर न ठेवता शुद्ध द्रव्याच्या वजनावर ठेवावा, ही दुसरी मागणी आहे. मदत बोलावणाऱ्याचे संरक्षण वीस वर्षांच्या कलमालाही लागू करावे, निदान आपल्यातले द्रव्य वाटून घेणाऱ्या सोबत्यापुरते, ही तिसरी. वितरकांच्या मर्यादेतून ब्युप्रेनॉर्फिन वगळावे आणि मेथाडोन दुकानातून मिळावे, ही चौथी. मृण्मयी, तुमची हरकत नसेल तर नावाविना एक वाक्य तुमच्या प्रतिसादातले घेतो : त्या चौघांपैकी एकालाही कायदा ठाऊक नव्हता.

मृण्मयी

हरकत नाही. फक्त त्यापुढे एवढे जोडा की हा कायदा शाळेत, वाहन परवान्याच्या परीक्षेत, वसतिगृहाच्या दारावर, जेथे एकोणीस वर्षांची मुले वाचतील तेथे लिहिलेला असावा. आणि खलबत्ता यांना एक प्रश्न आहे. मी नॅलॉक्सोनचे खोके घेऊन गाडीत ठेवले आहे. उन्हाळ्यात गाडी तापते, हिवाळ्यात गोठते. ते खराब होते का?

खलबत्ता

साधारण पंचवीस अंश सेल्सिअसखाली ठेवावे, चाळीस अंशांपर्यंत थोडा वेळ गेले तरी चालते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापमान त्याहून वर जाते, म्हणून ते गाडीत कायमचे न ठेवता पिशवीत ठेवावे. उणे पंधरा अंशांखाली ते गोठते आणि मग फवारा उडत नाही. गोठलेच तर खोलीच्या तापमानाला पंधरा मिनिटे ठेवले की पुन्हा वापरता येते. आधी दाबून पाहू नये, कारण एका नळीत एकच मात्रा असते. खोक्यावरची मुदतही पाहून ठेवा : २०२४ च्या सुरुवातीपासून तयार झालेल्या फवाऱ्याला तीनऐवजी चार वर्षांची मुदत मिळाली आहे. मुदत उलटलेले खोके हाताशी असेल आणि दुसरे नसेल, तर तेच वापरावे.

मृण्मयी

पिशवीत ठेवले.